अक्रोड सोलून मतदानाला जाऊ नये

सविताला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी उमेदवार म्हटलं होतं, आणि महिना झाला तरी ती झिंग उतरत नव्हती. भाकरी थापताना ती उमेदवार असायची, शेळीची धार काढतानाही उमेदवारच. एकदा तर दुधवाल्यालाही तिनं हात जोडून "लक्ष असू द्या" म्हटलं. तो कवठे येमाईचा होता आणि त्याचं मत लिंबाचीवाडीत नव्हतं.

लिंबाचीवाडी कवठे येमाईच्या अलीकडे, रस्त्याला लागून. ग्रामपंचायतीचा वॉर्ड दोन महिलांसाठी राखीव झाला, आणि सविताच्या समोर अनिता उभी राहिली. अनिता म्हणजे हौसराव आबांची सून. बिचारी स्वभावानं गोड. आपण उभ्या आहोत हे तिला फॉर्म भरायला गाडीत बसवल्यावर कळलं. खरी लढत आबांशीच होती. पंचवीस वर्षं ग्रामपंचायत आबांच्या खिशात होती आणि त्याच खिशात महिला सभागृहाची किल्ली होती. सभागृहावर पाटी महिलांची, आत कांदा आबांचा. सविताच्या बचत गटातल्या बावीस जणी तीन वर्षं कधी गोठ्यात, कधी कुणाच्या ओसरीवर बैठक घेत होत्या. किल्ली मागायला गेलं की आबा प्रेमानं म्हणत, "कांदा निघू दे पोरी." कांदा निघायचा, आणि त्याच दिवशी नवा भरला जायचा. शेवटी सविता चिडली आणि शिरूरला जाऊन फॉर्म भरून आली.

घरातच पहिला अडथळा होता. सासू सोजरबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "चूल तुझी, घर तुझं, पर मत आबाचं. तुझ्या सासऱ्याच्या माघारी त्यांनीच माझी पेन्शन चालू क्येली. मी त्यांचं मीठ खाल्लंय." आबांची एक पद्धत होती. मतदानाच्या दिवशी ते पारावर बसत, आणि मत देऊन आलेला प्रत्येक जण शाईचं बोट त्यांना दाखवून पुढं जाई. सोजरबाई दर निवडणुकीला बोट दाखवत आल्या होत्या. सवितानं मतांची यादी केली तेव्हा सासूचं नाव आबांच्या बाजूला लिहिलं. पण पेन्सिलनं लिहिलं.

यादी अशी होती की दोन्ही बाजू अगदी काट्यावर. गटाच्या बावीस जणी सविताकडे राहिल्या तरच काही आशा. प्रचार थांबला आणि मधला शनिवार आला. आपल्याकडे हा दिवस सगळ्यात अवघड. मतदार जपावा लागतो. आबांनी बायकांसाठी दोन गाड्या सांगितल्या. अष्टविनायकातले चार गणपती, दुपारी श्रीखंड-पुरी, आणि रविवारी सकाळी गाडी थेट मतदान केंद्राच्या दारात. एकदा का बाई त्या गाडीत बसली की गणपतीची शपथ, श्रीखंडाची शपथ आणि आबांचा चेहरा, एवढं सगळं तिच्यासोबत मशीनपर्यंत जायचं. सविताकडे ना गाडी ना श्रीखंड. तिच्याकडे होती हिरव्या अक्रोडांची चौदा पोती.

ही पोती तिच्या नवऱ्यानं आणली होती. साहेबराव ट्रकवर. इकडून कांदा घेऊन जम्मूला जायचं, तिकडून सफरचंद घेऊन यायचं. या खेपेला बागवाल्यानं त्याला झाडावरून उतरवलेले अक्रोड सालीसकट दिले, आणि साहेबराव अक्रोडाचा भक्त होऊनच परत आला. आल्यापासून दुसरा विषय नाही.

"अगं, आपण ज्याला अक्रोड म्हणतो ती नुसती आतली कोय. ह्याच्यावर आंब्यावानी हिरवी साल असती. लाकूड तर इतकं चिवट, की बंदुकीचे दस्ते त्याचेच करत्यात. गोळी सुटली, धक्का बसला, तरी चिरत न्हाई. पानं धान्यात ठिवली की किडा लागत न्हाई. सालीचा रंग काढून शाली रंगवत्यात. मुळाची साल चावली की दात पांढरे आन् व्हट लाल."

"आन् सावली?" सोजरबाईंनी विचारलं.

"सावली गार. पर खाली टोमॅटो जगत न्हाई. दुसऱ्याला वाढूच देत न्हाई त्ये झाड."

"म्हंजी आपले आबाच," सविता म्हणाली. त्यावर साहेबराव इतका हसला की त्याला ठसका लागला. सोजरबाई मात्र हसल्या नाहीत. पण त्यानं आणलेला मुळाच्या सालीचा तुकडा त्यांनी हळूच कनवटीला लावला.

चुलत नणंद प्राची रांजणगावच्या एका कंपनीत होती. तिनं तर आणखी एक पत्ता टाकला. "वहिनी, टरफलं फेकू नका. आमच्याकडं पार्ट घासायला अक्रोडाच्या टरफलाचा भुगा येतो. वाळूनं ओरखडे पडतात, ह्यानं नाही पडत. पोत्यानं घेतात."

सविताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शनिवारी सकाळी आबांच्या गाड्या लागण्याआधीच तिनं बावीस जणींना आपल्या अंगणात आणून बसवलं. एका दिवसात चौदा पोती सोलायची, गर गटाचा, टरफलं कंपनीला. मतदारही डोळ्यांसमोर आणि कामही मार्गी. आपल्या हुशारीवर ती स्वतःच फिदा झाली होती. आणि का होऊ नये?

काय दिवस गेला तो! दगडानं साल ठेचायची, बोटांनी ओरबाडायची, आतली ओली कोय फोडायची. ताज्या अक्रोडाचा गर दुधासारखा पांढरा आणि कोवळा. त्याचं पातळ साल सोलून खाल्लं तर ओल्या नारळाची आठवण यावी. निम्म्या बायकांनी सोलण्यापेक्षा खाल्लेच जास्त. गटातल्या कुशाबाईंनी ओव्या सुरू केल्या आणि दुसऱ्याच ओवीत आबांच्या कांद्याला आणलं. सोजरबाई आधी लांब बसल्या, मग जवळ सरकल्या, मग "तुमास्नी नीट येत न्हाई" म्हणत स्वतःच ठेचायला लागल्या. चावलेल्या मुळाच्या सालीनं त्यांचे ओठ असे लालचुटुक झाले होते की बायकांनी त्यांना नवरी म्हणून चिडवलं. प्राचीनं कंपनीतले रबरी हातमोजे आणले होते. तिला तर सगळ्यांनी मिळून हसून घेतलं.

"भाकरी थापणाऱ्या हातांना मोजं? उद्या कुंकू लावायला चिमटा आण," कुशाबाई म्हणाल्या.

प्राचीनं मोजे स्वतःच घातले.

दिवस कलताना आबा आले. रिकाम्या गाड्या घरी परत पाठवून आले होते, पण चेहऱ्यावर काही नाही. "प्रचार नव्हं बरं का, सहज आलो," म्हणाले. बाजेवर टेकले, टोपलीतला अक्रोड उचलला, डाव्या हातात धरून नखानं सोलला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, पाचवा सोलता सोलता म्हणाले, "ग्वाड हाय गं." जाताना दोन्ही खिसे भरून घेऊन गेले.

तोवर सगळ्यांचे हात पिवळे झाले होते. हळदीसारखे. झोपताना ते तपकिरी झाले. रविवारी पहाटे सवितानं दिवा लावला आणि स्वतःचे हात पाहून ती किंचाळलीच. दहाही बोटं नखांसकट काळीकुट्ट, तव्याच्या बुडासारखी.

साहेबराव डोळे चोळत उठला. हात पाहिले आणि पुन्हा डोळे चोळले.

"अहो, तिकडं सोलणाऱ्यांचे हात असेच व्हते का?"

"व्हते की."

"मग सांगितलं का न्हाई?"

"मला वाटलं, तेबी ड्रायव्हरच असतील."

साबण झाला, लिंबू झालं, चिंच झाली, राख झाली. शेवटी साहेबरावानं डिझेल आणलं. डिझेलनं हात चकाकले, पण काळे ते काळेच राहिले. सविताला तेव्हाही हसू येत होतं. मतदानाशी याचा काही संबंध असेल हे तिच्या मनातही आलं नाही.

केंद्र शाळेत होतं. केंद्राध्यक्ष शंकरराव मेमाणे केडगावच्या बाजूचे शिक्षक, नाकावर चष्मा, शर्टाला पेन, नियमाला पक्के. आत एका बाकावर सविताकडून प्राची प्रतिनिधी म्हणून बसली होती, दुसऱ्या बाकावर आबांचा पुतण्या सत्यजीत. पहिल्या कुशाबाई गेल्या.

"डाव्या हाताची तर्जनी दाखवा, बाई."

कुशाबाईंनी हात पुढं केला. मेमाणे सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "मतदान झालंय तुमचं?"

"आत्ता तर आले की."

"मग ही शाई?"

"शाई न्हाई सर, आक्रोड."

सत्यजीत ताडकन उठला. "सर, लेखी हरकत! यांनी आधीच कुठंतरी मत दिलंय."

"एका बोटाला शाई लावतात, ही दहा बोटं आहेत," प्राची म्हणाली.

"एक लपवायलाच धा काळी केल्यात!"

हे इतकं जोरदार निघालं की क्षणभर सगळ्या केंद्राला पटलं. खुद्द कुशाबाईही आपल्या हातांकडे संशयानं बघायला लागल्या. मेमाणे सर शांतपणे म्हणाले, "नाव यादीत एकदाच आहे, तो प्रश्न नाही. पण शाई लावू कुठं? काळ्यावर काळी दिसायला हवी ना. या बाजूला थांबा. वर विचारतो."

वर कुणी फोन उचलेना. बावीस जणी आणि सोजरबाई शाळेच्या कडुनिंबाखाली बसल्या. बाकीचं गाव समोरून मत देऊन जात होतं आणि जाताना यांच्या हातांचे फोटो काढत होतं. साहेबरावानं एक हिरवा अक्रोड आणून सरांसमोर धरला. सरांनी न्यायाच्या कळवळ्यानं स्वतःच्या करंगळीवर साल घासली. करंगळी पिवळी झाली.

"पिवळा हाय की!" सत्यजीत ओरडला.

"दम धरा," साहेबराव म्हणाला. "ह्यो रंग सावकाश चढतो."

साडेपाचला केंद्र बंद होणार होतं. अकरा वाजले, दोन वाजले. सविताचं हसू मावळलं. आता तिला नीट दिसत होतं काय झालंय ते. ही मतं आबांनी हिसकावली नव्हती, कुणी विकत घेतली नव्हती. तिनंच स्वतः बावीस जणींना अंगणात बसवून, चहा पाजून, त्यांच्या मतांवर काळं फासलं होतं. सभागृहात पुढची पाच वर्षं कांदाच राहणार, आणि तोही आपल्यामुळं. तिला रडू यायला लागलं. डोळे पुसायला हात वर नेला, हात दिसला आणि आणखीनच रडू आलं.

"रडतीस कशाला?" शेजारून सोजरबाई म्हणाल्या. "आबा कुठं दिसना ते."

खरंच की. पंचवीस वर्षं पहिलं मत आबांचं असायचं. सकाळी साडेसातला, कडक इस्त्रीत. आज पारही रिकामा होता. सविताला बाजेवर बसलेले आबा आठवले. डाव्या हातात धरलेला अक्रोड आठवला, "ग्वाड हाय गं" आठवलं, दोन भरलेले खिसे आठवले. ती उठली आणि जवळजवळ पळतच सुटली.

आबा ओसरीवर बसले होते. दोन्ही हात मनगटापर्यंत ताकाच्या पातेल्यात.

"आबा, मतदानाला आला न्हाईत?"

"जरा कणकण वाटतीया."

"ताकात हात घातल्यावर कणकण जाती व्हय?"

आबांनी दोन्ही हात वर काढले. दहा पांढरी-काळी बोटं. ताक ओघळून गेल्यावर नुसती काळी. सवितानं आपले दोन्ही हात त्यांच्या हातांशेजारी ठेवले. चारी हात एका माळेतले दिसत होते.

"सत्यजीतनं हरकत घेतलीया," ती म्हणाली. "काळ्या बोटाला मत न्हाई म्हणतो."

"माझ्यासाठी न्हाई घ्यायचा तो हरकत."

"मग आमच्यासाठीबी घेता येणार न्हाई."

आबांनी ओले हात धोतराला पुसले. राजकारण त्यांच्या रक्तात होतं. डोळ्यांमागं आकडे फिरताना दिसत होते. आपण गेलो नाही तर गाव विचारणार, का नाही आला? आणि आबा घरी का बसले याचं उत्तर ताकाच्या पातेल्यात सापडलं तर पुढची दहा वर्षं गाव हसणार. शिवाय त्यांची पक्की समजूत होती की त्या बावीसमधल्या निम्म्या मनातून त्यांच्याच.

"पोरी, तू लई बाराची हाईस," असं म्हणून ते उठले आणि त्यांनी फेटा मागवला.

आबा केंद्रात शिरले तेव्हा तीन वाजले होते. "काळं बोट! सर, हर..." एवढं बोलून सत्यजीतनं वर पाहिलं, फेटा दिसला आणि उरलेली हरकत त्यानं गिळली. त्याच वेळी मेमाणे सरांनी आपली करंगळी उजेडात धरली. ती चांगली तपकिरी झाली होती. त्यांनी ती रुमालानं पुसली, थुंकी लावून पुसली, मग सत्यजीतच्या नाकासमोर नेली.

"अक्रोडच आहे," ते म्हणाले. "प्रश्न एवढाच, की शाई लावायची कुठं."

दारातून सोजरबाईंचा आवाज आला. "पायाला लावा की! हात न्हाईत त्या माणसाला काय करता तुम्ही? आमचे हात हायेत, पर जागा न्हाई."

सर थबकले. पुस्तिका चाळली. पुन्हा फोन लावला आणि या वेळी तो लागला. पलीकडून आधी बराच वेळ हसण्याचा आवाज आला. मग हुकूम झाला, डाव्या पायाच्या अंगठ्याला लावा, तशी नोंद करा आणि दोन्ही प्रतिनिधींच्या सह्या घ्या. सत्यजीतनं आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. सही झाली.

मेमाणे सरांना खुर्चीवरून वाकता येईना, म्हणून ते सतरंजीवरच बसले. पहिला पाय आबांचा. सर वाकले तसे आबा सवयीनं म्हणाले, "राहू द्या, राहू द्या." मग बायकांची रांग लागली. लुगड्याचा काठ उचलायचा, जोडव्यांचा पाय पुढं करायचा. आणि पायाशी कुणी वाकलं की आपल्या बायकांचा हात आपोआप डोक्यावर जातो, त्याला इलाज नाही.

"औक्षवंत व्हा," कुशाबाई म्हणाल्या.

"सोन्यासारखी सून मिळू दे."

"बदली गावाजवळ हू दे."

सरांना खरंच बदली हवी होती. चष्म्याआड त्यांचे डोळे ओले झाले, पण मार्करचा हात हलला नाही. तेवीस काळ्या हातांचे तेवीस आशीर्वाद घेऊन ते उठले तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते आणि सगळं केंद्र, पोलिसासकट, पोट धरून हसत होतं. स्वतःचंही मत देऊन आलेली सविता तर भिंतीला टेकून हसत होती.

मत दिल्यावर आबा पारावर जाऊन बसले. पद्धत म्हणजे पद्धत. सोजरबाई नेहमीप्रमाणे त्यांच्यासमोर थांबल्या आणि बोटाऐवजी पाय पुढं केला.

"अक्का, आपल्याच चिन्हावर ना?"

सोजरबाईंचे लाल ओठ जरा हलले. "आबा, बोटाचं तुमास्नी सांगत आले. पायाचं काय सांगू? त्यो आजवर तुमच्या मागंच चालला. आज म्हणला, मी बघतो माझी वाट." आणि त्या तशाच पुढं गेल्या. आबा हात कपाळाला लावून बसले. सविता कोपऱ्यावर उभी होती. तिनं ऐकलं, पण वाट कुठली ते काही तिला कळलं नाही.

सोमवारी शिरूरला मोजणी झाली. सविता निवडून आली. एका मतानं.

मग काय विचारता! वाडीत गुलाल, साहेबरावाच्या ट्रकचा भोंगा, आणि जो भेटेल तो सांगतोय की ते एक मत माझंच. कुशाबाईंनी सांगितलं माझं, बावीस जणींनी सांगितलं माझं. साहेबराव म्हणाला, तुझ्यासाठी मी जम्मूची खेप पुढं ढकलली, ते माझं. गर्दीतून अनिता आली, पदराआडून तिच्या कानाशी लागली आणि हळूच म्हणाली, "ताई, ते माझं." सवितानं तिला मिठीच मारली. आबांनी किल्ली स्वतः आणून दिली. काळ्या हातानं काळ्या हातात. "कांदा उचलायला दोन दिवस दे," म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी ते खरोखर मागितलं.

एकट्या सोजरबाई काही बोलल्या नाहीत. त्या ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या.

"आत्याबाई, तुमचं काय?" सवितानं विचारलं.

"माझं काय? अंगठ्याची शाई जाईना बघ. जरा त्याल लाव."

सविता खाली बसली. लग्न झाल्यापासून सोळा वर्षं ती दर सणाला या पायांना हात लावत आली होती, रीत म्हणून. आज तिला यादी आठवली, पेन्सिलनं लिहिलेलं नाव आठवलं आणि पायाची वाट कुठली ते कळलं. तिनं डोकं त्या पायांवर टेकवलं. डोक्यावर एक काळा हात आला आणि तिथंच राहिला.

तेल तिनं लावलंच नाही.